पुरणपोळीचा स्वयंपाक घरच्यांनी मिळून कसा करावा

पुरणाचा स्वयंपाक अवघड नाही, पण रेंगाळतो. एकटीवर पडला तर सगळ्यांचं जेवण उरकल्यावर तिला भूकच उरत नाही. होळीला घरात चार-पाच माणसं असतील तर साडेनऊला डाळ चढवून एकच्या सुमारास पानं मांडता येतात. फक्त कामं आधी वाटून घ्या. ‘काही मदत करू का?’ असं विचारत ओट्यापाशी घुटमळणाऱ्याची अडचणच जास्त होते.

माप : अर्धा किलो हरभरा डाळ, तेवढाच चिरलेला गूळ, ३०० ग्रॅम कणीक, १०० ग्रॅम मैदा. यात मध्यम आकाराच्या वीसेक पोळ्या होतात. चिक्कीचा गूळ घेऊ नका, पोळी चिवट होते.

१. डाळ आणि कणीक. सकाळी सातला डाळ धुऊन भिजत घाला. साडेनऊला भरपूर पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालून शिजवा. पाणी सढळ हवं, कारण आमटीचा कट त्यातूनच मिळतो. डाळ बोटांत सहज मोडली पाहिजे. अर्धकच्ची राहिली तर पुढे वाटताना कणी लागते. त्याच वेळी दुसऱ्याने कणीक-मैदा वस्त्रगाळ करून, मीठ घालून सैल भिजवावा आणि तेलाच्या हाताने चांगला तिंबावा. हे काम घरातल्या दणकट हातांना द्या. मग वर तेल सोडून दीड-दोन तास झाकून ठेवा.

२. पुरण. डाळ चाळणीत निथळा, कट बाजूला काढा. डाळीत गूळ घातला की ती आधी पातळ होते, घाबरू नका. मध्यम आचेवर घोटत राहा. पुरण उडतं आणि चटका जबर बसतो, म्हणून लांब दांड्याचा डाव घ्या, मुलांना लांब ठेवा. उलथनं उभं राहिलं की गॅस बंद.

खरी घाई इथेच असते. पुरण गरम असतानाच वाटायला हवं. गार झालं की यंत्रातून उतरता उतरत नाही. एकाने पुरणयंत्र घट्ट धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. या वेळी दोघंही रिकामे असतील असं आधीच ठरवा. फोन आला तर वाजू द्या. मुलांनी तोवर वेलची सोलून कुटावी, जायफळ मोठ्यांनी किसावं. दोन्ही पुरणात मिसळा.

३. आमटी. ही आजींकडे असेल तर मध्ये पडू नका. भाजलेलं सुकं खोबरं-जिरं वाटून कटात घालायचं. सोबत चिंच, गूळ, मीठ, गोडा किंवा काळा मसाला, डावभर पुरण आणि वरून मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी. आमटी पातळच हवी.

४. पोळ्या. पुरण गार झालं की मुलांना लिंबाएवढे गोळे करायला बसवा, कणकेचे गोळे त्यांच्या निम्म्याने. कणीक आणि पुरण सारखंच मऊ असावं, नाहीतर पोळी फुटते. उंडा भरून तांदळाच्या पिठीवर हलक्या हाताने, कडेकडेने लाटा आणि लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोडा. लाटणारा आणि भाजणारा वेगळा असला की तवा रिकामा राहत नाही. पोळी एकदाच उलटा, सारखी उलथापालथ केली की ती कोरडी पडते. उतरवलेल्या पोळ्या कापडावर सुट्या पसरा. गरम असताना डब्यात भरल्या तर घाम धरून चिकटतात.

पहिल्या पोळ्यांचा नैवेद्य होईपर्यंत कुरडया-पापड तळून घ्या. पोळीवर तूप सढळ हाताने, विदर्भात वाढतात तसं. लाटणाऱ्याला मध्येच उठवून दुसऱ्याने पोळपाट घ्यावा. शेवटच्या पाच-सहा पोळ्या थोड्या वाकड्या झाल्या तरी चालतील. आमटी मात्र थोडी राखून ठेवा, दुसऱ्या दिवशी भातावर ती जास्त मुरलेली लागते.