सात दिवसांची सही केलेली लिंक काही तासांतच बंद पडत असेल तर

अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवणुकीतील अहवालांसाठी आम्ही ईमेलमधून सही केलेली तात्पुरती लिंक, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फाइल उघडू देणारी लिंक, पाठवत होतो. तिची मुदत कोडमध्ये ६०४८०० सेकंद, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या सही-पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीला चालणारी कमाल ७ दिवसांची असूनही, काही तासांनी तीच लिंक ‘एक्स्पायर्ड टोकन’ ही एरर देऊ लागे. सर्व्हरचे घड्याळ तपासले, बकेटची (फाइल ठेवण्याच्या कप्प्याची) पॉलिसी पुन्हा वाचली, लायब्ररी अद्ययावत केली. फरक पडला नाही. वैताग असा की लोकल मशीनवर सगळे सुरळीत चालत होते.

उलगडा लिंकमध्येच होता. तिच्यात ‘एक्स-एएमझेड-सिक्युरिटी-टोकन’ हा पॅरामीटर दिसला, याचा अर्थ सही सर्व्हरच्या रोलला (त्याला नेमून दिलेल्या अधिकारांच्या ओळखीला) मिळालेल्या तात्पुरत्या क्रेडेन्शियल्सनी, म्हणजे ओळख पटवणाऱ्या कळांनी, झाली होती. अशी लिंक त्या क्रेडेन्शियल्सबरोबरच संपते, मग कोडमध्ये मुदत कितीही मोठी लिहा. लोकल मशीनवर कायमस्वरूपी अ‍ॅक्सेस की असल्याने तिथे हे लक्षण उमटत नव्हते. तीच की सर्व्हरवर ठेवणे हाही एक मार्ग आहे, पण सुरक्षेच्या दृष्टीने मला तो पटत नाही.

म्हणून प्रथम डेटाबेसमधला लिंकचा रकाना काढून फक्त ऑब्जेक्टची की (एस-थ्रीमधील फाइलचे नाव) साठवली. नंतर ईमेलमध्ये आमच्याच अ‍ॅपचा पत्ता दिला. तो उघडताच सर्व्हर वापरकर्त्याचा अधिकार तपासतो, त्याच क्षणी ३०० सेकंदांची नवी लिंक तयार करतो आणि ३०२ रिडायरेक्ट देतो, म्हणजे ब्राउझरला त्या लिंककडे वळवतो. शेवटी त्या उत्तराला ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ हे, उत्तर साठवून ठेवू नका असे सांगणारे, हेडर जोडले. मोठ्या फाइललाही ३०० सेकंद पुरतात, कारण मुदत विनंती पोहोचताना तपासली जाते. जोडणी तुटल्यास मात्र अ‍ॅपचाच पत्ता पुन्हा उघडावा लागतो.