आदिम मातृसत्तेवर लिहिताय? या चुका टाळा

पुरुषसत्ता अनादि नाही, ती कधीतरी घडली, हे ठणकावून सांगायचं बळ स्त्रियांच्या चळवळीला ज्या विचारांनी दिलं, त्यात आदिम मातृसत्तेचा, म्हणजे फार पूर्वी समाजाची सूत्रं बायकांच्या हाती होती हा, विचार मोठा. म्हणूनच त्यावरची मांडणी ठरावीक ठिकाणी घसरते तेव्हा जीव तुटतो. समोरचा तेवढंच धरतो आणि सगळा मुद्दा उडवून लावतो.

पहिली गफलत शब्दांची. वंश आईकडून मोजणं वेगळं, नवऱ्याने सासुरवाडीला येऊन राहणं वेगळं आणि निर्णय बायकांच्या हाती असणं वेगळं. मेघालयातल्या खासींमध्ये कूळ आईचं आणि कुळाचं घर धाकट्या लेकीकडे जातं. तरी मामाच्या शब्दाला वजन असतं आणि परंपरेने दरबारात, म्हणजे गावसभेत, बसत आले ते पुरुषच. याला मातृवंशीय म्हणा, मातृसत्ताक नको.

आपल्याकडे हीच चूक सातवाहनांबाबत होते. ‘गौतमीपुत्र’, ‘वासिष्ठीपुत्र’ ही नावं दिसली की महाराष्ट्रात मातृसत्ता होती असं लिहून मोकळं व्हायचं! नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, तो नीट वाचा. भिक्खूंना लेणं दान देणारी ही राणी स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून देते. पराक्रम वर्णिला आहे तो लेकाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा. गादीही बापाकडून मुलाकडे, म्हणजे पुळुमावीकडे गेली. बलश्रीचा मान मोठा होता, तिच्या नावाने दान होत होतं, हे जरूर लिहा. सत्ता तिची होती, असं त्या लेखावरून म्हणता येत नाही.

दुसरी गफलत मूर्तींची. तुर्कस्तानातल्या चाताल ह्योयुक या नवाश्मयुगीन वस्तीत 1961 साली धान्याच्या कोठीत एक मूर्ती सापडली: भरदार अंगाची बसलेली स्त्री, दोन्ही हात दोन बाजूंच्या श्वापदांवर. मारिया गिम्बुटास यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा मूर्तींवरून देवीपूजक, स्त्रीकेंद्री प्राचीन युरोपचं चित्र उभं केलं. पण या मूर्तीचं डोकं मूळचं नाही, नंतर बसवलेलं आहे. शिवाय घरोघरी देवीची पूजा होते म्हणून घरातल्या बाईच्या नावावर जमीन असते का, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आदिम मातृसत्तेचा सिद्धांत 1861 साली पुस्तकातून मांडणाऱ्या स्विस अभ्यासक बाखोफेनला स्त्रीवादी ठरवू नका. त्याच्या लेखी पितृसत्ता ही पुढची, वरची पायरी होती.

आणि उलट्या बाजूची घाईही नको. मातृसत्तेचा पुरावा नाही, म्हणजे पुरुषसत्ता निसर्गानेच दिली, असा अर्थ निघत नाही. त्याच चाताल ह्योयुकच्या सांगाड्यांवरून बायका-पुरुषांचं खाणं जवळपास सारखं दिसतं, आणि चुलीच्या धुराची काजळी दोघांच्याही फासळ्यांच्या आत सापडली आहे, म्हणजे घरात दोघंही वावरत. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासात तर एकाच घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसांची नाती बापापेक्षा आईकडून जास्त जुळली, आणि लहान मुलींसोबत पुरलेल्या वस्तू मुलांपेक्षा अधिक निघाल्या.