चालू क्लाउड सर्व्हरची डिस्क जोडायची आणि काढायची कशी?

क्लाउडवरच्या लिनक्स सर्व्हरला चालू असतानाच नवी डिस्क जोडता येते, जुनी काढता येते. रीबूटची गरज नसते. जोडताना सहसा काही बिघडत नाही. घोळ होतो तो नावांमुळे आणि काढायच्या घाईमुळे. इथे अ‍ॅमेझॉनची ईबीएस डिस्क आणि उबुंटू धरून चाललो आहे.

आधी स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घ्या. डिस्कवर डेटाबेस असेल तर तेवढा वेळ लेखन थांबवा. डिस्क आणि सर्व्हर एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधल्या डेटा सेंटरच्या एकाच गटात) आहेत ना, तेही बघून घ्या. दोन्ही मुंबई रीजनमध्ये असले तरी झोन वेगळा असेल तर डिस्क जोडता येत नाही.

आता जोडा आणि 'एलएसबीएलके' ही डिस्कची यादी दाखवणारी कमांड चालवा. कन्सोलवर तुम्ही 'एसडीएफ' नाव दिलेलं असतं, पण अ‍ॅमेझॉनच्या नव्या, नायट्रो प्रकारच्या सर्व्हरवर डिस्क एनव्हीएमई नावाने दिसते. त्यातला आकडा कायमचा नाही. दोन-तीन डिस्क असतील तर रीबूटनंतर एकीचा आकडा दुसरीला मिळू शकतो, आणि त्या भरवशावर कुणी फॉरमॅट मारलं तर भलतीच डिस्क पुसली जाते. म्हणून त्याच कमांडला सिरियलचा रकाना मागा. तिथे 'व्हॉल'ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो. तो कन्सोलवरचा व्हॉल्यूम आयडीच असतो, फक्त मधला हायफन गळालेला. दोन्ही जुळल्याशिवाय 'एमकेएफएस'ला, म्हणजे फॉरमॅटच्या कमांडला, हात लावू नका. स्नॅपशॉटवरून केलेल्या डिस्कला तर मुळीच नको, तिच्यावर फाइल सिस्टिम आधीच असते.

बूट होताना कोणती डिस्क कुठे माउंट करायची, म्हणजे कोणत्या फोल्डरला जोडायची, ते 'एफएसटॅब' फाइलमध्ये असतं. तिथे एनव्हीएमईचं नाव न लिहिता 'बीएलकेआयडी' कमांडने दिलेला यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) लिहा, आणि सोबत 'नोफेल' टाका. ते नसेल आणि उद्या ती डिस्क जागेवर नसेल, तर बूट सांभाळणारं सिस्टिमडी नेहमीच्या सेटिंगप्रमाणे 90 सेकंद वाट पाहतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जातं. मग एसएसएचने आत शिरता येत नाही. ओळ लिहून झाली की 'माउंट -ए' चालवून बघा. चूक असेल तर ती आत्ताच कळू दे.

एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांसाठी एक खोच. मूळ डिस्क आणि तिच्या स्नॅपशॉटची प्रत एकाच सर्व्हरवर जोडली तर दोघींचा यूयूआयडी सारखाच, आणि प्रत माउंट होत नाही. डिस्क खराब झाली असं वाटून लोक घाबरतात. 'नोयूयूआयडी' पर्याय दिला की काम होतं.

काढताना क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हिस थांबवा. 'फ्यूजर -व्हीएम'ला माउंटचा पत्ता दिला की अजून कोण अडून बसलंय ते कळतं. बऱ्याचदा त्याच फोल्डरमध्ये उघडं राहिलेलं आपलंच टर्मिनल निघतं. मग 'यूमाउंट'. 'टार्गेट इज बिझी' आलं म्हणून 'यूमाउंट -एल' वापरू नका. त्याने पत्ता तेवढा नाहीसा होतो, उघड्या फाइलींवरचं लेखन मागे चालूच राहतं. एलव्हीएम (डिस्क एकत्र करून वापरायची लिनक्सची सोय) असेल तर व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करा. 'एफएसटॅब'मधली ओळ काढा आणि मगच कन्सोलवरून डिटॅच करा.

फोर्स डिटॅच म्हणजे शेवटचा उपाय. त्यात मेमरीत अडकलेला डेटा डिस्कवर उतरायची संधीच मिळत नाही. तसं करावंच लागलं, तर पुढच्या माउंटआधी ईएक्सटी4 फाइल सिस्टिमसाठी 'ई2एफएससीके' ही तपासणीची कमांड चालवा. एक्सएफएस एकदा माउंट करून जर्नलमधल्या अर्धवट नोंदी पूर्ण होऊ द्या, अनमाउंट करा, मग 'एक्सएफएस रिपेअर'ने तपासा. डिस्क दुसऱ्या सर्व्हरला द्यायची असेल तर कन्सोलवर तिची स्थिती 'अव्हेलेबल' होईपर्यंत थांबा.