रंगाची बाटली उघडायची घाई: चित्र आणि नक्षीतल्या या चुका टाळा

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की सोलापुरात चित्रकलेचे क्लास भरून वाहतात. रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश ही नावं मुलांना पाठ असतात. तोल, लय, विरोध, प्रमाण हेही धडाधड सांगतात. कागदावर मात्र यातलं फार थोडं उतरतं, कारण पेन्सिल टेकते न टेकते तोच पोस्टर कलरच्या बाटल्या उघडलेल्या असतात.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती रंग बघून टोन विसरल्यामुळे. टोन म्हणजे रंग किती उजळ, किती गडद. लाल आणि हिरवा हे विरोधी रंग, तेव्हा शेजारी ठेवले की नक्षी उठणारच, असं मुलं धरून चालतात. दोन्हींचा गडदपणा सारखा असेल तर चार पावलं मागे जाऊन बघा: पानं कुठली, फुलं कुठली, काही कळत नाही. पिवळा मुळात उजळ आणि जांभळा मुळात गडद, म्हणून ती जोडी सहज उठते. लाल-हिरव्यात हा फरक मुद्दाम आणावा लागतो, एकात पांढरा मिसळून किंवा दुसरा गडद करून.

स्मरणचित्रासाठी आमच्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा हा लाडका विषय. सात नंदीध्वज म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांच्या पारंपरिक अंगरख्यातले) भक्त, गर्दी. पांढऱ्या कागदावर पांढरी बाराबंदी दिसेना, की प्रत्येक माणसाभोवती काळी आउटलाइन फिरते. माझा या आउटलाइनवर राग आहे. तिने माणूस गर्दीतून सुटत नाही, कापून चिकटवल्यासारखा दिसतो. मागची गर्दी, झाडं, भिंत एक पायरी गडद करा. बाराबंदी आपोआप उजळते. सावलीच्या बाजूला हलका निळसर राखाडी पुरतो.

शेजारचा रंग किती फरक पाडतो, हे विणकरांच्या गावात तरी नीट शिकवलं जावं. पॅरिसच्या गोबेलँ विणशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. काळ्या रंगात खोट निघाली नाही. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो काळा निस्तेज दिसत होता. यावरून त्याने शेजारच्या रंगांचा जो नियम शोधला तो १८३९ साली प्रसिद्ध झाला.

माझी सवय साधी आहे. मोठ्या कागदाला हात लावण्याआधी तळहाताएवढा चौकोन आखायचा आणि त्यात पांढरा, राखाडी, काळा एवढेच तीन टोन भरायचे. तिथे चित्र कळलं तरच रंग. मोबाइलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघायला हरकत नाही, पण आधी डोळे किलकिले करून बघायची सवय लावा. परीक्षेच्या हॉलमध्ये मोबाइल नसतो.

दुसरी चूक कागदावर लपते आणि मागावर उघडी पडते. माझ्याकडे काही महिने शिकून, पुढचं शिकायला न थांबता एक मुलगा अक्कलकोट रोडवरच्या एका चादर कारखान्यात ग्राफ करायला लागला. ग्राफचा एकेक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एकेक गाठभेट, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेची, कार्डं पंच होतात, त्यांना भोकं पाडली जातात. त्याने मोर काढला. मान आखूड, पिसारा खाली पसरलेला, डौलदार. एकच मोर बघून सगळ्यांनी पसंत केला, चार मोर शेजारी मांडून कुणीच बघितले नाहीत. कापड उतरलं तेव्हा प्रत्येक मोराच्या वरची मोकळी जागा शेजारच्या मोकळ्या जागेला जाऊन मिळाली होती आणि चादरीवर आडवा कोरा पट्टा पडला होता. लांबून मोर दिसेचना, पट्टाच दिसायचा. कार्डं बाद झाली, पंचिंगचा खर्च वाया गेला.

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, मोर तर बरोबर काढला होता की."

"मोर बरोबर होता रे. मोराभोवतीची जागा तू काढलीच नव्हतीस."

आम्ही ग्राफची नक्कल घेऊन ती उभी-आडवी कापली, चार तुकडे केले आणि तिरक्या समोरच्या तुकड्यांची अदलाबदल केली. असं केलं की कडा मध्यभागी येतात आणि रिकाम्या जागा डोळ्यांत भरतात. तिथे वेल आणि पानं भरली, शेजारचा मोर अर्ध्या उंचीने खाली सरकवला, पट्टा मोडला. आता कॉम्प्युटर एका बटणात रिपीट, म्हणजे शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, मांडून दाखवतो, तरी नवशिक्याने सुरुवातीला कात्री आणि कागदच वापरावा असं माझं ठाम मत आहे. तुकडे हाताने सरकवताना रिकामी जागा हाही एक आकार आहे, हे डोळ्यांत कायमचं बसतं.

तोल म्हणजे दोन्हीकडे सारखंच, हा समज सोडा. एका बाजूचा मोठा फिका आकार दुसऱ्या बाजूच्या छोट्या गडद आकाराने तोलता येतो.

सिद्धेश्वर तलावाच्या चित्रात पाण्याची कड कागदाच्या बरोबर मध्यावर घेऊ नका. मंदिर महत्त्वाचं की प्रतिबिंब, ते ठरवा आणि त्याला जास्त जागा द्या.

भुईकोट किल्ल्याच्या भिंतीचा एकेक दगड सारख्याच जोराने रेखाटू नका. पोत सर्वांत ठळक दिसतो तो तिरका उजेड पडतो तिथे, उजेड-सावलीच्या सीमेवर. तेवढा दाखवा.

पोस्टर कलर वाळला की टोन बदलतो: फिक्या छटा जरा गडद होतात, गडद छटा जरा उजळतात. वेगळ्या तुकड्यावर लावून वाळू द्या, मगच ठरवा. आणि पार्श्वभूमीचा रंग एकदाच, पुरेल एवढा कालवा. अर्ध्यावर संपला तर तोच टोन पुन्हा जुळत नाही.