बीटलच्या काचेची चमकती पट्टी न वाकवता कशी काढावी

जुन्या गाडीच्या काचेभोवतीची चमकती पट्टी वापरून क्वचितच खराब होते. ती खराब होते काढताना. गाडी रंगकामाला जाते, कोणीतरी रबर आणि पट्टीच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालतो, एक टोक वर येतं, आणि ते टोक धरून ओढलं की कोपऱ्यापाशी चुणी पडते. ॲल्युमिनियमच्या पट्टीतली ही चुणी कितीही घासली तरी उन्हात दिसतेच.

पट्टी न काढता कागद चिकटवून रंग मारता येतो, पण मी तसं करू नका असंच सांगेन. काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत रबराखाली पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून मारलेला रंग रबराच्या कडेशी थांबतो, गंज आत वाढतच राहतो. मुंबई-कोकणच्या हवेत तर फारच लवकर.

जोर लावण्याआधी पट्टी कशाने धरली आहे ते ओळखा. प्रत्येक गाडीत ही पकड वेगळी असते आणि काढायची पद्धत त्यावरच ठरते.

फोक्सवॅगन बीटलचं उदाहरण घेऊ. डीलक्स बीटलमध्ये काच रबरात बसते, रबर पत्र्याच्या कडेवर बसतं आणि पट्टीची आत वळवलेली कड रबराच्या बाहेरच्या बाजूच्या खाचेत अडकते. कारखान्यात पट्टी आधी रबरात बसवून मग काच गाडीत घातलेली असते. म्हणून काच जागेवर असताना पट्टी बाहेरून उपटायला गेलात तर खाच ती सोडत नाही, मधल्या मध्ये पट्टीच वाकते. काच, रबर आणि पट्टी हे तिन्ही एकत्र गाडीबाहेर काढायचं आणि टेबलावर वेगळं करायचं, हाच बीटलचा खरा मार्ग आहे.

आधी वायपरचे दांडे काढा. बॉनेटवर जाड घोंगडी टाका. समोरच्या काचेची पट्टी दोन अर्ध्या तुकड्यांची असते आणि त्यांचे सांधे वर-खाली मध्यभागी छोट्या क्लिपखाली झाकलेले असतात. या सांध्यांचे जवळून फोटो काढून ठेवा, परत बसवताना त्यांचा उपयोग होतो. हातमोजे आणि गॉगल घाला. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा. काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर तिच्या कडेला धातूचं हत्यार लागू देऊ नका. कड दुखावली की अख्ख्या काचेचे बारीक तुकडे होतात. लॅमिनेटेड काच (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेली) तशी फुटत नाही, तिला तडा जातो.

आता रबराचं काय करायचं ते ठरवा. नखाने दाबल्यावर रबर दबत नसेल, कडांना भेगा असतील, तर ते वाचवायच्या नादाला लागू नका. रबर नवं मिळतं. मूळची पट्टी मिळणं अवघड असतं, आणि नव्या बनवलेल्या पट्ट्या कोपऱ्यांत तितक्या चपखल बसतीलच असं नाही. रबर कापायचं ते गाडीच्या आतून. पत्र्याच्या आतल्या बाजूवर रबराची जी ओठासारखी कड येते ती धारदार कटरने सगळीकडून कापत न्या. बाहेरचा रंग आणि पट्टी दोन्ही पात्यापासून लांब राहतात. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या: बीटलच्या छताचं कापड याच कडेवरून वळवून रबराखाली दाबलेलं असतं. कापड ठेवायचं असेल तर पातं आडवं धरा, उथळ कापा आणि टोक रबराच्या पोटाकडे ठेवा.

रबर मऊ आणि धड असेल तर कापायची गरज नाही. साबणाचं पाणी कडेत सोडा, बोथट प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या पट्टीने आतली कड वरच्या एका कोपऱ्यापासून पत्र्यावरून बाहेर उलटवत चला, आणि मागोमाग तळव्याने काच बाहेर ढकला. दाब कोपऱ्याजवळ आणि सावकाश द्या. बाहेर दुसरा माणूस दोन्ही हातांनी काच झेलायला उभा हवाच, हे काम एकट्याने करू नका. डिझेल, पेट्रोल किंवा गंज सोडवायचा स्प्रे रबरावर मारू नका, रबर फुगतं.

काच घोंगडीवर ठेवली की आधी सांध्यावरच्या क्लिपा बाजूला सरकवा. मग रबराला पट्टीपासून सोलून काढा. पट्टी स्थिर धरायची आणि रबर ओढायचं, उलटं करायचं नाही. जुनं रबर असेल तर खाचेच्या बाजूने चीर देऊन ते उघडा, पट्टी आपोआप मोकळी होते. कोपऱ्याच्या वळणावर एक हात कायम पट्टीखाली आधाराला ठेवा, चुणी पडते ती तिथेच.

मिनीसारख्या छोट्या ब्रिटिश गाडीत गोष्ट उलट आहे. तिथली चमकती पट्टी म्हणजे रबराच्या खाचेत वरून भरलेली पाचर असते. तिच्यामुळेच रबर काचेला घट्ट धरतं. ती सगळ्यात आधी निघते. सांधा शोधा, टोक बोथट हत्याराने उचला आणि रबराला समांतर ओढत न्या. थंडीत ती ताठ होते, म्हणून ऊन खाऊ द्या किंवा केस वाळवायच्या ड्रायरची ऊब द्या.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या शेव्हरलेसारख्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत स्टीलची पट्टी क्लिपांवर बसते आणि क्लिपा पत्र्यावरच्या छोट्या खिळ्यांवर. इथे हुकाच्या टोकाचं चपटं हत्यार लागतं. ते काच आणि पट्टीच्या मध्ये सरकवून क्लिप चाचपायची, तिची जीभ हुकाने पट्टीच्या कडेवरून सोडवायची, मग पुढची क्लिप. सगळ्या सुटेपर्यंत पट्टी उचलायची नाही. कोपऱ्यात कोणता तुकडा कोणावर चढला आहे ते आधी पाहा, वरचा आधी काढा. बाजूच्या पट्ट्यांना दाराच्या फटीत लपलेले स्क्रूही असू शकतात. पट्टी हलत नसेल तर जोर वाढवण्याऐवजी स्क्रू शोधा.

निघालेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मास्किंग टेप लावून 'डावी वर', 'उजवी खाली' असं लिहा. भिंतीला टेकवून ठेवू नका, सपाट फळीवर आडव्या ठेवा. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा किंवा ओव्हन साफ करायचं द्रव्य वापरलंत तर वरचा ॲनोडाइज्ड (संरक्षक) थर उतरतो आणि चमक जाते; कोमट पाणी आणि साधा साबण पुरे.

पत्र्याची कड गंज काढून, प्रायमर-रंग देऊन पूर्ण वाळली की मगच परत बसवायला घ्या. बीटलचं नवं रबर पट्टीच्या खाचेचंच मागा. बिनपट्टीचं रबरही बाजारात मिळतं आणि त्यात पट्टी बसतच नाही. रबर काचेवर चढवा, साबणाच्या पाण्याने पट्टी खाचेत दाबून बसवा, रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून टोकं खाली मध्यभागी आत सोडा. बाहेरून एकाने काच दाबायची, आतून दुसऱ्याने दोरी ओढत कड पत्र्यावर उलटवायची. शेवटी बारीक धारेने पाणी खालच्या कोपऱ्यांपासून वर सोडत जा आणि आत बसलेल्या माणसाला डॅशबोर्डच्या कडेवरून हात फिरवायला सांगा. ओल लागली तर त्याच जागी रबराची कड पुन्हा उलटून पाहा.