ताबा आपल्याकडे असताना मुलासह दुसऱ्या गावी राहायला जायचे असेल तर

मुलाचा ताबा आपल्याकडे आहे, म्हणजे त्याला घेऊन हवे तिथे राहायला जाता येते, हा समज कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात वरचेवर ऐकू येतो. ज्या हुकमाने ताबा मिळालेला असतो, त्याच हुकमात बहुधा दुसऱ्या पालकाच्या भेटीचे वार आणि वेळा लिहिलेल्या असतात, आणि गाव बदलले की त्या पाळणेच अशक्य होते. त्यामुळे सामान हलवण्याच्या आधी परवानगीचा अर्ज करावा. आधी जाऊन मग परवानगी मागणाऱ्याकडे न्यायालय साशंकतेनेच पाहते.

सर्वप्रथम आपल्याजवळचा कागद नीट वाचावा. परस्परसंमतीने घटस्फोट झाला असेल, तर सहमतीच्या अटींत ‘न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय मुलास हद्दीबाहेर नेणार नाही’ असे एखादे कलम असण्याची दाट शक्यता असते. सही करताना पोटगीच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, या ओळीकडे क्वचितच कोणाचे जाते. न्यायालयाने आपली पालक म्हणून नेमणूक केली असेल, तर पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 26 नुसार पाल्याला न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेण्यास परवानगी लागते; विहित कारणांपुरता त्याला अपवाद आहे.

कोणताच हुकूम झालेला नसेल, तर गाव बदलण्यास थेट मनाई नसते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 मध्ये वडील आणि ‘त्यांच्या पश्चात’ आई नैसर्गिक पालक, असे शब्द आहेत. गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये त्याचा अर्थ वडिलांच्या हयातीतही, ते प्रत्यक्ष सांभाळ करत नसतील तेव्हा, असा लावला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहावे, असेही हाच कायदा सांगतो. तरीही मोकळीक समजू नये, कारण 1890 च्या कायद्यानुसार ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात चालतो, आणि घाईने दुसरीकडे नेऊन दोन-तीन आठवडे ठेवल्याने ते ठिकाण सहसा बदलत नाही.

आता अर्जाविषयी. ज्या न्यायालयाने हुकूम दिला त्याच न्यायालयात तो करावा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली घटस्फोटाच्या हुकूमनाम्यानंतरही ताब्याचा आदेश बदलून मागता येतो. आईने मुलाला ऑस्ट्रेलियाला नेण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये, ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलू शकतात, हे तत्त्व मान्य केले. अर्जात नोकरीचे पत्र, राहण्याची जागा, नव्या शाळेतील प्रवेशाची शक्यता आणि आपण कामावर असताना मुलाजवळ कोण असेल, हे पुराव्यासह मांडावे. पण अर्ज खरा तरतो तो दुसऱ्या पालकाच्या भेटीचा पर्याय किती प्रामाणिकपणे मांडला आहे त्यावर.

समजा, आई नाशिकहून बेंगळुरूला जाणार आहे आणि वडिलांना दर दुसऱ्या शनिवारी चार तासांची भेट आहे. ‘भेटीस हरकत नाही’ एवढे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. महाराष्ट्रातील शाळांना दिवाळीची मोठी सुट्टी असते, तर कर्नाटकात दसऱ्याची. म्हणजे नाशिकच्या चुलत भावंडांबरोबर दिवाळी घालवायची तर मुलाची शाळा बुडेल. हे आधीच दिनदर्शिकेवर मांडून, दसऱ्याची पूर्ण सुट्टी व उन्हाळ्याचे तीन-चार आठवडे वडिलांकडे, प्रवासात मुलाला कोण सोडणार व कोण आणणार, तिकिटाचा खर्च कोणाचा, आठवड्यातून कोणत्या वारी व्हिडिओ कॉल, असे लिहून द्यावे. समज आलेल्या मुलाशी न्यायाधीश दालनात स्वतः बोलू शकतात. त्याला उत्तरे पढवून नेऊ नये. ते लगेच ओळखू येते.

शाळेने दाखला दिला म्हणजे परवानगी मिळाली, असेही नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला लगेच द्यायचा असतो. त्याचा ताब्याशी संबंध नाही.

मूल न सांगता नेले गेले असेल, तर मागे राहिलेल्या पालकाने मूळ गावीच 1890 च्या कायद्याच्या कलम 25 खाली अर्ज करून अंतरिम आदेश मागावा. दिवस जातील तसे मूल नव्या शाळेत रुळते, आणि तेच पुढे मागे राहिलेल्या पालकाविरुद्ध जाते. उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची (हेबियस कॉर्पस, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करण्याची) याचिकाही करता येते.

परदेशाचा मामला अधिक अवघड आहे. बालअपहरणाविषयीच्या 1980 च्या हेग करारात भारत सामील नाही, आणि 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा केवळ एक मुद्दा ठरवून मुलाचे हित त्याच्या वर ठेवले. अमेरिकेतून सुट्टीसाठी म्हणून मुलाला पुण्यात आणून परत न नेणाऱ्या पालकाने मात्र लक्षात ठेवावे, की तिथल्या 1993 च्या संघीय कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो. इथून मूल बाहेर जाणार असेल, तर तिथल्या न्यायालयाकडून इथल्या आदेशाच्याच आशयाचा प्रतिआदेश आधी मागावा आणि त्याची खातरजमाही करावी. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रतिआदेशाच्या अटीवर एका मुलाला केनियात वडिलांकडे पाठवले. पुढच्याच वर्षी वडिलांनी फसवणूक केल्याचा निष्कर्ष काढून तो हुकूम मागे घ्यावा लागला आणि सीबीआयला गुन्हा नोंदवण्यास सांगावे लागले.

परवानगी मिळाल्यावर आदेशाची प्रमाणित प्रत घ्यावी आणि नवा पत्ता, शाळेचे नाव व दूरध्वनी क्रमांक पुरसीस (लेखी निवेदन) देऊन न्यायालयात नोंदवावा. त्याची एक प्रत दुसऱ्या पालकाला, निघण्याच्या आधी, पोच घेऊन द्यावी.