दगडात उमटलेल्या डायनासोरच्या पावलांचा माग कसा वाचावा

डायनासोरचे हाड एखाद्या ठिकाणी सापडले म्हणून तो प्राणी तेथेच वावरत होता असे सिद्ध होत नाही, कारण मेलेल्या जनावराची हाडे पुराच्या लोंढ्याबरोबर दूरवर वाहत जाऊ शकतात. पावलाचा ठसा मात्र जागा सोडत नाही. जेथे ठसा आहे तेथे तो प्राणी जिवंत होता, चालत होता आणि त्याच्या पायाखालची माती त्या वेळी ओली होती, एवढे तरी निश्चित म्हणता येते. म्हणूनच त्याची चाल, वेग, दिशा आणि सोबत या गोष्टी हाडांपेक्षा ठशांतून अधिक थेटपणे कळतात.

विदर्भातील अभ्यासूला हा विषय परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथील लॅमेटा खडकांतून, म्हणजे डायनासोर युगाच्या शेवटच्या काळातील गाळाच्या खडकांतून, डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत. डोंगरगावच्या सांगाड्यावरून ओळखलेला लांब मानेचा शाकाहारी डायनासोर आज ‘इसिसॉरस’ या नावाने जगभर परिचित आहे, तर पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि डायनासोरच्या काळातही गवत होते हे त्यातून कळले. गडचिरोलीच्या सिरोंचा भागातील काही खडक तर त्याहून पुष्कळ जुन्या, म्हणजे ज्युरासिक काळातील आहेत. राजस्थानात जैसलमेरजवळच्या थैयात येथे ज्युरासिक खडकांवर तीन बोटांचे ठसे ओळखले गेले आहेत. आपल्याकडे खडक पाहताना नजर तयार असावी, यासाठी पुढील पद्धत आहे.

प्रथम आजचे ठसे वाचण्याचा सराव करावा, आणि त्यासाठी पूर्व विदर्भातील मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांसारखी जागा नाही. पावसाळा संपल्यावर पाणी मागे सरकू लागले की काठावर गाळाची ओलसर पट्टी उघडी पडते. या पट्टीवर पाण्याजवळून बांधाकडे चालत जावे आणि एकाच जनावराचे ठसे कसे बदलत जातात ते पाहावे. अगदी पाण्यालगतच्या पातळ चिखलात गाईचा खूर खोल रुततो, पण कडा कोसळून आकार बुजतो. थोडे वर घट्ट ओल्या मातीत खुराची रेघ न् रेघ उमटते. त्याहून वर कोरड्या मातीत जेमतेम ओरखडा दिसतो. जनावर एकच, पाय एकच, तरी ठसे तीन प्रकारचे. डायनासोरचे ठसे पाहताना हे ध्यानात ठेवले नाही, तर मातीचा फरक प्राण्याचा फरक म्हणून मांडला जातो. शिवाय अवजड प्राण्याचे वजन वरच्या थराखालच्या थरांनाही दाबते. वरचा थर झिजून गेल्यावर आपल्याला कित्येकदा हा खालचा दाबच दिसतो आणि त्यात बोटे पुसट व कडा गोलसर असतात. खळग्यात पुढे वाळू भरून ती दगड झाली असेल, तर ठसा खड्डा न राहता वरच्या थराच्या तळाशी उंचवटा म्हणून सापडतो. तेव्हा उलट्या पडलेल्या फरशाही तपासाव्यात.

ठसा कोणाचा, या प्रश्नाकडे त्यानंतर वळावे. गोंदिया-भंडाऱ्याकडे सारसाचे पाऊल काठावर आढळले, तर ते आवर्जून निरखावे. मात्र पक्ष्यांना व घरट्यांना त्रास होईल इतके जवळ जाऊ नये. सारसाचे मागचे बोट लहान व वर असल्यामुळे मातीत बहुधा पुढची तीनच बोटे उमटतात, आणि दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरचे पाऊलही असेच तीन बोटांचे असते. हे साम्य योगायोगाचे नाही, कारण पक्षी त्याच कुळातून आले आहेत. अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यातील असे ठसे भूवैज्ञानिक एडवर्ड हिचकॉक यांनी १८३६ मध्ये वर्णिले, तेव्हा ते प्रचंड पक्ष्यांचे आहेत असेच त्यांनी मानले होते. मांसाहारी डायनासोरची बोटे लांब व निमुळती, टोकाला नखाची खूण असलेली असतात. दोन पायांच्या शाकाहारी डायनासोरची बोटे आखूड व रुंद आणि टाच गोलाकार असते. स्पष्ट मांसाहारी ठशात आतल्या बोटाला दोन, मधल्याला तीन आणि बाहेरच्याला चार गाद्या (बोटाखालच्या मांसल उंचवट्यांच्या खुणा) मोजता आल्या, तर पाय डावा की उजवा हेही सांगता येते. लांब मानेच्या चतुष्पाद डायनासोरचा मागचा पाय मोठा लंबगोल आणि पुढचा चंद्रकोरीसारखा उमटतो. यापलीकडे जाऊन नेमकी जात सांगण्याचा मोह टाळावा. ठशांना शास्त्रज्ञ स्वतंत्र नावे देतात, ती याच कारणाने.

एकट्या ठशापेक्षा ठशांची रांग कितीतरी अधिक बोलते. उन्हाळ्यात पांदणीच्या फुफाट्यात घोरपडीची वाट सापडली तर थांबून पाहावे: पाय शरीराच्या दोन्ही बाजूंना फाकलेले असतात आणि मधोमध शेपटीची ओढलेली रेघ असते. डायनासोरच्या रांगांत अशी रेघ क्वचितच मिळते आणि दोन पायांच्या प्राण्यांची पावले जवळजवळ एका ओळीत पडतात. त्यावरून त्यांचे पाय शरीराच्या खाली सरळ होते आणि शेपटी जमिनीच्या वर तोललेली होती, हे कळते. शेपूट ओढत चालणारा डायनासोर जुन्या चित्रांत फार दिसे. ती समजूत चुकीची आहे हे ठशांतूनही दिसते. लांब मानेच्या डायनासोरमध्ये डाव्या-उजव्या पावलांत किती अंतर आहे हेही मोजावे, कारण इसिसॉरस ज्या गटात मोडतो त्या टायटॅनोसॉर गटाची चाल रुंद पट्ट्याची, म्हणजे डावे-उजवे पाय एकमेकांपासून दूर टाकणारी, होती असे मानले जाते.

वेग काढण्यासाठी दोन मापे पुरतात. एक, पावलाची लांबी. दोन, ढांग, म्हणजे एका पायाच्या ठशापासून त्याच पायाच्या पुढच्या ठशापर्यंतचे अंतर. लागोपाठच्या डाव्या-उजव्या पावलांतील अंतर म्हणजे ढांग नव्हे, आणि नवख्याची गल्लत येथेच होते. पावलाच्या लांबीची चौपट म्हणजे कमरेपर्यंतची अंदाजे उंची. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ आर. मॅकनील अलेक्झांडर यांनी १९७६ मध्ये जिवंत प्राण्यांच्या चालीवरून जे सूत्र मांडले, त्यानुसार मीटरमधील ढांगेचा १.६७ वा घात करावा, त्याला कमरेच्या उंचीच्या १.१७ व्या घाताने भागावे आणि उत्तराला ०.७८ ने गुणावे, म्हणजे सेकंदाला किती मीटर हा वेग मिळतो. पाऊल ३० सेंटिमीटर आणि ढांग १.८ मीटर असेल, तर उंची १.२ मीटर आणि वेग सेकंदाला सुमारे १.७ मीटर, म्हणजे ताशी सहा किलोमीटर येतो. ढांग उंचीच्या दुपटीपेक्षा कमी असल्याने हा प्राणी चालत होता, धावत नव्हता. तलावाच्या काठावर एखाद्या मुलाला आधी चालवून व मग पळवून, घड्याळ लावून हेच गणित पडताळावे. चुकीची मर्यादा किती, हे मग स्वतःच्या अनुभवाने समजते.

सर्वाधिक संयम लागतो तो कळपाबद्दल बोलताना. पाणवठ्यावर शेकडो खूर उमटलेले असले तरी ते चारच बैलांच्या रोजच्या येण्याजाण्याचे असू शकतात, म्हणून ठशांची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. अनेक रांगा एकाच दिशेने जात असल्या तरी तेथे काठच तसा असेल, तर वेगवेगळ्या दिवशी आलेले प्राणीही त्याच वाटेने गेले असतील. रांगा सारख्या अंतरावर आहेत, एकत्र वळतात, ठसे सारख्याच खोलीचे आहेत, असे पुरावे जुळले तरच कळपाचे अनुमान करावे. एक ठसा दुसऱ्यावर पडला असेल, तर वरचा नंतरचा. तो किती वेळाने पडला हे मात्र त्यावरून कळत नाही. टेक्सासमधील पॅलक्सी नदीच्या पात्रात शाकाहारी डायनासोरच्या रांगेबरोबर मांसाहारी डायनासोरची रांग आहे आणि तिच्यावरून पाठलागाची कल्पना मांडली गेली; ती शक्य आहे, सिद्ध नाही. ऑस्ट्रेलियातील लार्क क्वारी येथील हजारो ठसे १९८४ मध्ये घाबरून पळालेल्या कळपाचे मानले गेले होते, पण २०१३ मध्ये काही संशोधकांनी ते निरनिराळ्या वेळी पाण्यातून पार होणाऱ्या प्राण्यांचे असावेत असे मत मांडले. ठसे तेच राहिले, वाचन बदलले, आणि शास्त्र पुढे जाते ते असेच.

आता आपल्या भागासाठी एक महत्त्वाची सूचना. विदर्भाचा बराच भाग लाव्हापासून बनलेल्या काळ्या पाषाणाने व्यापलेला आहे आणि वाहत्या तप्त लाव्हात कोणाचे पाऊल उमटत नाही. अशा खडकातील पायासारखा खळगा बहुधा पाण्याने गोटे फिरवून कोरलेला रांजणखळगा असतो किंवा झिजेने झालेला असतो. गावाने त्याला भीमाचे पाऊल म्हटले असेल तर त्या श्रद्धेचा मान ठेवावा, पण डायनासोर शोधायचा तर थर दिसणाऱ्या चिकणमातीच्या, वाळूच्या किंवा चुनखडीच्या खडकाकडे जावे. तेथेही एकटा खळगा पुरावा होत नाही. डावे-उजवे असे किमान तीन ठसे क्रमाने आणि सारख्या अंतराने मिळाले, तरच पुढे विचार करावा.

संशयास्पद रांग आढळली, तर सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून, सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. डोक्यावरच्या उन्हात खोली दिसत नाही. उत्तर दिशा, मोबाइलवरील स्थान आणि खडकाचा थर यांची नोंद करावी. खडूने कडा रंगवू नयेत, प्लास्टर ओतू नये आणि फरशी उचलून घरी आणू नये, कारण जागेवरून हललेल्या ठशाची दिशा, थर आणि शेजारच्या पावलांशी असलेले नाते कायमचे नष्ट होते. नोंदी घेऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाशी किंवा विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाशी संपर्क साधावा आणि तज्ज्ञ येईपर्यंत ती जागा गुरांच्या व ट्रॅक्टरच्या वाटेपासून वाचवावी.